डॉक्टरकीची दुसरी वाट

वऱ्हाडात मृगाची पेरणी आणि मुलांचे प्रवेश यांचा हंगाम एकाच वेळी येतो. दोन्हींना रोख पैसा लागतो, दोन्हींत उशीर चालत नाही, आणि बी एकदा जमिनीत पडले की ते परत काढता येत नाही. तेल्हारा तालुक्यातील हिवरखेड हे सातपुड्याच्या पायथ्याचे मोठे गाव (वऱ्हाडात या नावाची गावे आणखीही आहेत). कपाशी, संत्री, केळी यांवर ते जगते. अलीकडे त्याला नगरपरिषद मिळाली. अकोला-खंडवा या जुन्या मीटरगेज मार्गावरचे त्याचे स्थानक मात्र २०१७ पासून गाडीची वाट पाहत आहे. अशा गावात 'नीट'चा निकाल लागला की दहा-बारा घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाचे किंवा मुलीचे गुण वाईट नसतात. पण शासकीय एम.बी.बी.एस.ची यादी त्या गुणांच्या बरीच वर संपलेली असते. खासगी एम.बी.बी.एस.चा आकडा ऐकून घर गप्प होते. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान ही नावे निघतात. २०२२ मध्ये युक्रेनमधून जीव मुठीत धरून परतलेल्या मुलांची आठवण कोणीतरी काढतो आणि तो विषयही मागे पडतो. मग उरते ती दुसरी वाट: आयुर्वेदाची बी.ए.एम.एस. किंवा होमिओपॅथीची बी.एच.एम.एस.

या वाटेवरची निवड कोणत्या कसोटीवर होते, हे पाहण्यासारखे आहे. महाविद्यालय किती जवळ आहे? फी किती आहे? तेथे शिकलेल्या शेजारच्या मुलाचा दवाखाना चालतो का? वसतिगृह कसे आहे? हे चारही प्रश्न रास्तच आहेत. पण त्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात रोज रुग्ण किती येतात आणि खाटांवर खरोखर किती झोपलेले असतात, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. वैद्यकाचे शिक्षण ज्याच्या अंगावर शिकायचे, तो रुग्णच या हिशेबातून गळालेला असतो.

वऱ्हाडातील विद्यार्थ्यापुढे पर्याय तसे थोडे नाहीत. नागपूरला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. अकोल्यास राधाकिसन तोष्णीवाल आयुर्वेद महाविद्यालय, अमरावतीस विदर्भ आयुर्वेद महाविद्यालय ही जुनी नावे आहेत. वर्ध्याजवळ सालोड येथील महात्मा गांधी आयुर्वेद महाविद्यालय एका अभिमत विद्यापीठाच्या छायेत आहे. अमरावतीस तखतमल श्रीवल्लभ होमिओपॅथिक महाविद्यालय आहे. शिवाय गेल्या काही वर्षांत राज्यभर निघालेली विनाअनुदानित महाविद्यालये आहेतच. त्यांच्या जाहिराती मे महिन्यापासूनच एस.टी. स्थानकांच्या भिंतींवर दिसू लागतात. अभिमत विद्यापीठे वगळता या सर्वांचा अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाची. साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता, हा कालावधीही एकच. कागदावर पदवी एकच दिसते, म्हणूनच पालकाला वाटते की कोठेही घेतले तरी सारखेच. निवडीतील पहिली चूक येथेच होते.

शासकीय महाविद्यालयाचा लाभ उघड आहे: शुल्क कमी, आणि रुग्णालयाचे दार फुकट उपचार मागणाऱ्या गरिबांना उघडे. पण जागा मोजक्या, त्यांपैकी पंधरा टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात आणि उरलेल्यांसाठी साऱ्या राज्याची स्पर्धा. अनुदानित महाविद्यालयांत अध्यापकांचे वेतन सरकार देते, त्यामुळे शुल्क आवाक्यात राहते आणि जुन्या अध्यापकांची परंपराही असते. परंतु निवृत्त झालेल्यांच्या जागा भरायला सरकार विलंब लावते, हे दुखणे महाराष्ट्रातील साऱ्याच अनुदानित शिक्षणाचे आहे. विनाअनुदानितांत इमारती नव्या, प्रयोगशाळांना रंग ताजा, प्रवेश सुलभ. शुल्क मात्र वर्षाला काही लाखांच्या घरात. मुलींच्या बाबतीत एक बदल लक्षणीय आहे. आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क सरकारने जुलै २०२४ मध्ये पूर्ण माफ केले. केंद्रीभूत फेरीतून खासगी महाविद्यालयात गेलेल्या मुलीलाही ते लागू होते. व्यवस्थापन कोट्याला वा अभिमत विद्यापीठाला ते लागू नाही. याचा एक अर्थ असा की हिवरखेडच्या एखाद्या घरात मुलापेक्षा मुलीला चांगले महाविद्यालय निवडण्याची मोकळीक आज अधिक आहे. असे वऱ्हाडाच्या इतिहासात फारसे कधी घडले नव्हते.

आता त्या न विचारलेल्या प्रश्नाकडे वळावे. केंद्रीय नियामकाने आयुर्वेद महाविद्यालयांसाठी २०१६ साली जे किमान निकष घातले, त्यांत साठ विद्यार्थ्यांच्या प्रवेशक्षमतेला साठ खाटा, त्यांपैकी सरासरी चाळीस टक्के भरलेल्या, आणि बाह्यरुग्ण विभागात रोज सरासरी एकशेवीस रुग्ण अशी अट होती. त्रैराशिकाची आवश्यकता नाही. साठांचे चाळीस टक्के म्हणजे चोवीस. हे चोवीस रुग्ण कायचिकित्सा, पंचकर्म, शल्य, शालाक्य, प्रसूती-स्त्रीरोग आणि कौमारभृत्य अशा सहा विभागांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार येतात. रुग्णालयात वावरणारे वरच्या वर्गांतील विद्यार्थी आणि आंतरवासी मिळून शंभराच्या वर भरतात. चार खाटांभोवती एवढे विद्यार्थी उभे राहिले तर रुग्णाचा चेहराही मागच्या रांगेला दिसायचा नाही. आणि हा हिशेब निकष प्रामाणिकपणे पाळणाऱ्या महाविद्यालयाचा आहे. तपासणीच्या दिवशी गावोगावच्या लोकांना जीपमधून आणून खाटांवर निजवण्याच्या कथा सगळ्याच खऱ्या नसतील. पण कागदोपत्री अध्यापक आणि कागदोपत्री रुग्ण यांना आवर घालण्यासाठी बोटांच्या ठशांची हजेरी आणि संगणकावरील रुग्णनोंदणी नियामकाला आणावी लागली, एवढ्यावरूनही रोगाचे निदान होते.

यात आणखी एक अडचण स्वाभाविक आहे, ती कोणाच्या लबाडीमुळे नव्हे. आयुर्वेद रुग्णालयात येणारा रुग्ण बहुधा जुनाट दुखण्याचा असतो. संधिवात, कंबर, पक्षाघातानंतरची दुर्बलता, मूळव्याध, त्वचारोग यांवरील उपचार तेथे चांगले शिकता येतात. क्षारसूत्रासारख्या उपचारात तर हातखंडा असलेले शल्यवैद्य महाराष्ट्रात आहेत. पण साप चावलेला, फवारणीचे विष भिनलेला, छातीत कळ आलेला, अडलेली बाळंतीण यांना नातेवाईक थेट अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाकडे नेतात, आणि ते योग्यच करतात. परिणाम असा की ज्या प्रसंगी डॉक्टरची खरी कसोटी लागते, ते प्रसंग या विद्यार्थ्याच्या साडेपाच वर्षांत अगदी थोडे येतात.

आणि पदवी घेऊन तो जातो कोठे? हिवरखेडला किंवा हिवरखेडसारख्याच गावी. तेथे त्याच्यापुढे संधिवाताच्या आधी ताप येतो, ताप डेंग्यूचा असू शकतो. कपाशीवर फवारणी करून चक्कर आलेला मजूर येतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक बळी घेतले, हे पश्चिम विदर्भ विसरलेला नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या तक्रारी नित्याच्या. रुग्ण पदवीची अक्षरे वाचत नाही. त्याच्या लेखी तो डॉक्टर, आणि डॉक्टरकडून सुई आणि सलाइन यांचीच त्याला अपेक्षा.

कायद्याने या वस्तुस्थितीला अर्धी मान्यता दिली आहे. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाखाली १९९२ साली निघालेल्या अधिसूचनेने आयुर्वेद पदवीधरांना त्यांच्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधे वापरण्याची मुभा मिळाली. होमिओपॅथांसाठी २०१४ साली कायदा दुरुस्त झाला: औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा केल्यास त्यांनाही ती मुभा. डॉक्टरांच्या संघटनेने त्याला न्यायालयात आव्हान दिले, आणि अशा होमिओपॅथांची नोंदणी वैद्यक परिषदेकडे करण्यावरून २०२५ मध्ये पुन्हा संप-मोर्चांपर्यंत मजल गेली. दुसऱ्या बाजूला, मुंबईतील एका तरुण रुग्णाच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच बजावले होते की होमिओपॅथीच्या पदवीवर अ‍ॅलोपॅथीचे उपचार करणे हाच निष्काळजीपणा होय. गुजरातमधील आयुर्वेद वैद्यकीय अधिकाऱ्यांनी समान वेतन मागितले, तेव्हा २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने ते नाकारले. तातडीच्या व अपघाताच्या रुग्णांवर एम.बी.बी.एस. डॉक्टर जे काम करतात ते हे करत नाहीत, असे कारण दिले. म्हणजे सरकार या पदवीधरांना १०८ च्या रुग्णवाहिकेत अपघातग्रस्ताशेजारी बसवते, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी नेमते, दुर्गम आरोग्य केंद्राचा भार त्यांच्या खांद्यावर टाकते. आणि वेतनाचा, दर्जाचा प्रश्न आला की त्यांचे शास्त्र वेगळे असल्याची आठवण सर्वांना होते. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे मानधन योजनेच्या आरंभी २५ हजार अधिक कामगिरीनुसार १५ हजारांपर्यंत, तेही कंत्राटी. विनाअनुदानित महाविद्यालयात दहा-बारा लाख घालून, त्यासाठी दोन एकर काढून, या नोकरीवर येणाऱ्याचे अर्थशास्त्र कोणीही मांडून पाहावे. होमिओपॅथीच्या पदवीधराला तर सरकारी पदांची दारे आयुर्वेदापेक्षाही कमी उघडी आहेत.

ही दुसरी वाट केवळ भारतातच आहे असे नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना एम.डी.च्या जोडीला 'डी.ओ.' ही अक्षरे आता परिचित झाली आहेत. ती ऑस्टिओपॅथीची पदवी. तिचा जनक अँड्र्यू टेलर स्टिल हा मिझुरी राज्यातला. औषधांवरचा विश्वास उडालेल्या या गृहस्थाने १८७४ साली आपले मत मांडले की शरीराची रचना, विशेषतः कणा आणि सांधे, हाताने नीट बसवले तर बहुतेक व्याधी हटतात. आपल्याकडील हाडवैद्याच्या विद्येला त्याने एक तत्त्वज्ञान जोडले, एवढेच म्हटले तरी चालेल. १८९२ मध्ये कर्क्सव्हिल येथे त्याने महाविद्यालय काढले. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनरने अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाची जी झडती घेतली, तीत ऑस्टिओपॅथीची महाविद्यालयेही सुटली नाहीत: शुल्कावर डोळा, प्रयोगशाळा नावाला, रुग्णालये जवळजवळ नाहीतच. वर्णन ओळखीचे वाटल्यास नवल नाही.

पुढचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. त्या तडाख्यानंतर अमेरिकेतील होमिओपॅथीची महाविद्यालये एकामागून एक मिटत गेली. ऑस्टिओपॅथीवाल्यांनी प्रवेशाची पात्रता वाढवली, औषधशास्त्र अभ्यासक्रमात घेतले, स्वतःची रुग्णालये उभारली. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात दोन हजारांहून अधिक डी.ओं.ना ६५ डॉलर भरून एम.डी. ही पदवी देऊन टाकण्यात आली. हा पंथ गिळंकृत करण्याचाच तो प्रयत्न होता. पण पंथ टिकला. २०२० पासून दोन्ही पदवीधरांचे रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षण एकाच मान्यतेखाली चालते, आणि आज अमेरिकेतील सुमारे पाव वैद्यकीय विद्यार्थी ऑस्टिओपॅथीच्या महाविद्यालयांत आहेत. हाताने सांधे बसवण्याचे दोनेकशे तासांचे शिक्षण त्यांना अजून मिळते. परंतु हक्क, परवाना आणि वेतन यांत ते पूर्ण डॉक्टर असतात. ब्रिटनमध्ये मात्र तेच नाव धारण करणारा मनुष्य डॉक्टर नव्हे. १९९३ च्या कायद्याने तेथे त्याचे क्षेत्र स्वतंत्र आणि मर्यादित ठरवले. दोन देशांनी दोन वेगळी उत्तरे दिली, पण दोन्ही स्पष्ट दिली.

अमेरिकेतही डी.ओ. महाविद्यालयांची निवड डोळे मिटून करून भागत नाही. मिशिगन किंवा ओक्लाहोमा येथील सरकारी विद्यापीठांची ऑस्टिओपॅथी महाविद्यालये त्या राज्यातील विद्यार्थ्याला तुलनेने स्वस्त पडतात. केंटकीच्या डोंगराळ भागात पाइकव्हिल येथे १९९७ साली निघालेल्या महाविद्यालयाचा उद्देशच मुळी त्या गरीब मुलखाला डॉक्टर मिळावा हा होता. उलट कित्येक खासगी महाविद्यालयांना स्वतःचे रुग्णालय नाही. शेवटची दोन वर्षे विद्यार्थी दूरदूरच्या लहान रुग्णालयांत वाटले जातात, आणि कोणाच्या पदरी चांगला गुरू पडतो, कोणाच्या नाही. कोलोरॅडोत २००८ मध्ये तर उघडउघड नफ्यासाठी चालणारे महाविद्यालय उघडले. तेथील जाणता विद्यार्थी म्हणून पहिला प्रश्न विचारतो तो शेवटच्या दोन वर्षांत कोणत्या रुग्णालयात पाठवणार हा. इमारतीचा प्रश्न त्यानंतर. हिवरखेडच्या विद्यार्थ्यानेही हाच प्रश्न विचारायला हवा.

आपल्याकडे त्याला अनुकूल अशी एक सोय नियमांतच आहे, आणि तिचा उपयोग फार थोडे करतात. बी.ए.एम.एस.च्या आंतरवासितेत सहा महिने आयुर्वेद रुग्णालयात आणि सहा महिने प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण वा जिल्हा रुग्णालय अशा आधुनिक उपचारांच्या ठिकाणी काढता येतात. जे महाविद्यालय हे सहा महिने जिल्हा रुग्णालयात खरोखर करवून घेते, ते दूर असले, थोडे महाग असले तरी श्रेयस्कर. जे महाविद्यालय आंतरवासितेच्या प्रमाणपत्रावर घरबसल्या शिक्का देण्याची तयारी दाखवते, ते फुकट मिळाले तरी महाग. अमरावती, बुलढाणा आणि वाशीम येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आली. अकोल्याचे २००२ पासूनचे आहेच. चारही जिल्ह्यांत आता मोठी शिकवणारी रुग्णालये आहेत. त्यांच्या प्रसूतिगृहांत आणि अपघात विभागांत आयुर्वेदाच्या आंतरवासींना ठरावीक महिने शिकवण्याचा करार सरकारने करून टाकला, तर त्यासाठी नवी वीटही लागणार नाही. विरोध होईल, तो विटांच्या खर्चापायी होणार नाही. दोन पदव्यांच्या अभिमानापायी होईल. आयुर्वेदाचे अभिमानी म्हणतील, शास्त्राची शुद्धता बुडाली; आधुनिक वैद्यकाचे अभिमानी म्हणतील, चोरवाटेला राजमार्ग केला. दोघांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण तापाने फणफणलेले मूल घेऊन रात्री दहा वाजता दार ठोठावणाऱ्या आईला या वादाचे उत्तर पाहिजे नसते.

आयुर्वेदच खऱ्या अर्थाने शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट निराळी. त्याने आधी ग्रंथ शिकवणारे अध्यापक आणि पदव्युत्तर विभाग पाहावेत. त्याच्यासाठी हिवरखेडचा परिसरच एक पाठ आहे. अकोट-तेल्हारा-अंजनगाव या पट्ट्यात पिकणारी पानपिंपळी देशभरच्या औषधी कारखान्यांत जाते, आणि तिची लागवड करणारा शेतकरी दराच्या चढउतारात सापडलेला असतो. त्या पिंपळीचे गुण जाणणारा वैद्य त्याच गावात असू नये, यात काही विसंगती आहे खरी.

पदवीपेक्षा प्रशिक्षण आणि निष्ठा किती काम करते याचे उदाहरण सातपुड्याच्या वरच्या अंगालाच आहे. मेळघाटातील बैरागड येथे डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घालवले. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. रवींद्र कोल्हे एम.बी.बी.एस. होऊन तेथे गेले, आणि आपले ज्ञान अपुरे पडते हे ध्यानी येताच पुन्हा शिकायला परतले, एम.डी. होऊन पुन्हा बैरागडला गेले. स्मिता कोल्हे होमिओपॅथीच्या डॉक्टर. एका घरात दोन पदव्या नांदल्या. आपल्याला काय येत नाही हे ओळखून ते शिकण्यासाठी मागे फिरण्याचा प्रामाणिकपणा त्या घरात होता. महाविद्यालयांनी विद्यार्थ्याला तो शिकवला तर बरेच साधेल.

सरकारला यात एक गोष्ट तत्काळ करता येईल. राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष प्रत्येक महाविद्यालयाच्या जागा जाहीर करतो, शुल्क नियामक प्राधिकरण शुल्क जाहीर करते. त्याच तक्त्यात आणखी तीन रकाने हवेत: गेल्या वर्षी रुग्णालयात रोज सरासरी किती खाटा भरलेल्या होत्या, किती प्रसूती झाल्या, आणि किती आंतरवासींनी सहा महिने जिल्हा वा ग्रामीण रुग्णालयात काढले. हे आकडे नियामकाकडे संगणकावर जमा होतातच. ते पालकापुढे ठेवण्यास अडचण कसली? ज्या संस्थांना अडचण वाटेल, त्यांची नावे कळली तरी पालकाचे अर्धे काम होईल.

तो तक्ता येईपर्यंत एक जुना उपाय उरतो. पहिल्या फेरीची यादी लागण्यापूर्वी, पेरणी आणि पहिले डवरे यांच्या मधल्या आठवड्यात, बापाने मुलाला घेऊन एस.टी.ने त्या त्या महाविद्यालयात जावे. तपासणीच्या दिवशी नव्हे, प्राचार्यांना कळवूनही नव्हे. साध्या मंगळवारी सकाळी दहा वाजता. कार्यालयाकडे न वळता रुग्णालयाच्या आवारात बाकावर तासभर बसावे, केसपेपरच्या खिडकीवर किती माणसे येतात ते मोजावे, आणि बाळंतिणीच्या खोलीपुढे कोणी नातेवाईक ताटकळत उभे आहेत का ते पाहावे.